हात लावा म्हणता, पण बदलू काय देता? : गणिताच्या ‘करून बघा’ मांडण्यांची चिकित्सा

पेट, नेट-सेटचा अभ्यास करणारे बरेच जण मला विचारतात, “चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? चुका काढायच्या का?” याचं उत्तर व्याख्या देऊन नीट देता येत नाही, म्हणून आज एक उदाहरण घेऊया. उदाहरण शोधनिबंधाचं नाही. विज्ञान केंद्रांत आणि गणिताच्या संग्रहालयांत ज्या ‘हात लावून बघा’ प्रकारच्या मांडण्या असतात, त्यांचं आहे. शाळेबाहेर लोकांपर्यंत गणित कसं पोचतं हा माझ्या पीएच.डी.चा विषय असल्यामुळे मी या मांडण्या बऱ्याच वाचल्या आहेत. हो, वाचल्या. प्रत्येक मांडणी एक दावा करते आणि त्यासाठी पुरावा समोर ठेवते. दावा आणि पुरावा यांच्यात किती अंतर उरतं ते मोजणं म्हणजे चिकित्सा. शोधनिबंध असो की लाकडी खेळणं, काम तेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गणिताच्या मांडणीची किंमत तिला हात लागतो की नाही यावर ठरत नाही. हात लागल्यावर बघणाऱ्याला काय बदलता येतं, आणि बदलल्यावर आपला अंदाज चुकलाय हे त्याला कळतं का, यावर ठरते. बऱ्याच गाजलेल्या मांडण्या या कसोटीवर कमी पडतात. काही अगदी साध्या मांडण्या मात्र थेट संशोधनाच्या दारापर्यंत नेतात.

आर्णीहून बघताना

हा प्रश्न मला का महत्त्वाचा वाटतो ते आधी सांगते. आमच्या आर्णीहून सर्वांत जवळचं मोठं विज्ञान केंद्र म्हणजे नागपूरचं रमण विज्ञान केंद्र. यवतमाळ-वर्धा मार्गे जवळपास दोनशे किलोमीटर. म्हणजे शाळेची सहल पहाटे निघणार, तारांगणाचा शो, डबे, हजेरी, परतीची घाई यांत दिवस संपणार. दालनांसाठी फार तर दोन-तीन तास मिळणार, आणि तेही बहुतेक मुलांना शाळेच्या दहा वर्षांत एकदाच. मुंबई-पुण्यातलं मूल पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ शकतं. आमच्याकडचं नाही. म्हणून त्या दोन-तीन तासांतून परतीच्या गाडीत काय येतं हा प्रश्न आमच्यासाठी चैनीचा नाही. ‘गणित म्हणजे जादू’ एवढंच घेऊन मूल परत आलं तर माझ्या मते नुकसानच झालं. कारण जादू करणारा वेगळा आणि टाळ्या वाजवणारा वेगळा, हे त्याला आधीच माहीत असतं.

थोडी वंशावळ

‘हात लावू नका’पासून ‘हात लावा’पर्यंतचा प्रवास फार जुना नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याने १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला ‘मॅथेमॅटिका’ हे प्रदर्शन मांडलं, पैसा आयबीएमचा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केलं. आपल्या मांडण्या कशा बनवायच्या याच्या कृती त्या संस्थेने ‘कुकबुक’ म्हणून छापून जगाला दिल्या, त्यामुळे जगभरच्या विज्ञान केंद्रांत एकमेकांसारख्या मांडण्या दिसतात. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ चं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ ची. तिच्याच छत्राखाली मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) आणि नागपूरचं रमण केंद्र (१९९२). फक्त गणिताला वाहिलेली संग्रहालयं आणखी अलीकडची: जर्मनीतल्या गीसनचं ‘मॅथेमॅटिकुम’ २००२ चं, न्यूयॉर्कचं ‘मोमॅथ’ २०१२ चं.

वंशावळ सांगण्याचं कारण एवढंच, की पुढे मी ज्या मांडण्यांबद्दल बोलणार आहे त्या कुठल्या एका केंद्राच्या नाहीत. त्या या सगळ्या घराण्याच्या आहेत. टीकाही घराण्याच्या सवयींवर आहे.

पहिली मांडणी: पायथागोरसचं पाणी

एक गोल तबकडी. मधोमध काटकोन त्रिकोण, त्याच्या तिन्ही बाजूंवर पारदर्शक चौरस डबे. मोठ्या डब्यात रंगीत पाणी. तबकडी फिरवली की पाणी दोन लहान डब्यांत उतरतं आणि दोन्ही तोंडोतोंड भरतात. मुलं ‘ओऽऽ’ म्हणतात. खाली लिहिलेलं असतं: पायथागोरसचा प्रमेय.

आता चिकित्सा. दावा काय आहे? कुठल्याही काटकोन त्रिकोणात कर्णावरचा चौरस हा उरलेल्या दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो. पुरावा काय? एक त्रिकोण. तोही खिळ्यांनी पक्का बसवलेला.

एक हिशेब करून बघा. समजा लहान बाजू १५ आणि २० सेंटिमीटर आहेत, आणि सुताराच्या हातून काटकोनाऐवजी ९१ अंशांचा कोन झाला. मग प्रमेय लागू होत नाही. कर्णावरचा चौरस दोघांच्या बेरजेपेक्षा साधारण १.७ टक्क्यांनी मोठा होतो. दोन्ही लहान डबे काठोकाठ भरून ते पाणी मोठ्या डब्यात उतरवलं, तर वरती साधारण ४ मिलिमीटरची रिकामी पट्टी राहील. बघणारा म्हणेल, हवेचा बुडबुडा असेल. म्हणजे प्रमेय जिथे खोटा आहे तिथेही मांडणी ‘खरं आहे’ असंच सांगेल. प्रमेय खोटा असताना आणि खरा असताना जो पुरावा जवळपास सारखाच दिसतो, तो पुरावा कच्चा. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे शोधनिबंध वाचताना कामी येईल.

आता हीच गोष्ट पुठ्ठ्याने करू. एकसारखे चार काटकोन त्रिकोण कापा. त्यांच्या दोन लहान बाजूंची बेरीज जेवढी, तेवढ्या बाजूची एक चौरस चौकट करा. चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार त्रिकोण काटकोनाने बसवले की मधे तिरपा चौरस रिकामा राहतो. तो कर्णावरचा. आता तेच त्रिकोण सरकवून दोन-दोनच्या जोडीने दोन आयत करा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा. आता दोन लहान चौरस रिकामे राहतात. चौकट तीच, त्रिकोण तेच, म्हणून उरलेली जागाही तेवढीच. झालं. इथे कारण हातात येतं. शिवाय शेजारचा मित्र वेगळ्या मापाचे त्रिकोण कापून तेच करू शकतो. आणि कुणी ९१ अंशांचे त्रिकोण कापले तर? ते चौकटीच्या कोपऱ्यात बसतच नाहीत. काटकोनाची गरज नेमकी कुठे लागते ते पुठ्ठा स्वतः सांगतो.

याच कुळातली एक रचना आपल्याकडे भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे: कर्णावरच्या चौरसाचे चार त्रिकोण आणि मधला एक लहान चौरस असे पाच तुकडे. म्हणजे फिरत्या तबकडीच्या कितीतरी आधी यापेक्षा चांगली मांडणी आपल्याकडे होती, आणि तिला पाण्याची गळतीही नव्हती.

दुसरी मांडणी: घसरगुंडीची शर्यत

तीन रूळ. एक सरळ उताराचा, एक सायक्लॉइडचा, एक फार खोल. सायक्लॉइड म्हणजे चाक सरळ रस्त्यावर घरंगळताना त्याच्या कडेवरचा एक बिंदू हवेत जी कमान काढतो ती. इथे ती उलटी ठेवलेली असते. तिन्हींचा वरचा आणि खालचा बिंदू समान उंचीवर. तीन गोळे एकदम सोडले की सायक्लॉइडवरचा पहिला येतो. सरळ रस्ता सर्वांत जवळचा, तरी हरतो. मुलांना हे आवडतं, मलाही आवडतं.

पण योहान बर्नुली यांनी १६९६ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे जे कोडं टाकलं, ते ‘या तिघांत पहिला कोण’ असं नव्हतं. प्रश्न होता: दोन बिंदूंना जोडणाऱ्या सगळ्या वक्रांमध्ये सर्वांत कमी वेळ कुठला घेतो? वक्र अनंत आहेत, आणि मांडणीत तीन. तिघांच्या शर्यतीत पहिला आला म्हणून जगात पहिला, असं आपण गावच्या कुस्तीच्या फडातही म्हणत नाही. इथे मात्र पाटीवर सरळ लिहून मोकळे होतो.

दुसरी अडचण अशी, की विजेता आधीच रंगवून ठेवलेला असतो. सायक्लॉइडचा रूळ लाल, बाकीचे करडे, आणि पाटीवर ‘सर्वांत वेगवान मार्ग’. मुलाला अंदाज करायला जागाच राहत नाही.

‘मोमॅथ’मध्ये या कुळातली एक बरी मांडणी आहे, ‘ट्रॅक्स ऑफ गॅलिलिओ’. तिथे रुळाचा आकार बघणाऱ्याने स्वतः बदलायचा आणि गाडी लवकर पोचवायची. फरक छोटा दिसतो, पण आता प्रश्न बघणाऱ्याच्या हातात आला. हे आर्णीतही होतं. वायरिंगची केसिंग-पट्टी, एक गोटी, दोन खिळे आणि स्लो मोशनवाला मोबाइल. वरचा-खालचा बिंदू पक्का ठेवा, पट्टी थोडी लांब घ्या, मधे हवी तशी वाकवा. दहा वेळा करा, वेळा लिहा. खोली वाढवत गेलं की वेळ आधी कमी होतो आणि मग पुन्हा वाढायला लागतो. ‘मधे कुठेतरी सर्वोत्तम आहे’ हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, तुमच्या वहीत उमटलेलं आहे. सायक्लॉइड हे नाव त्यानंतर कळलं तरी चालतं.

तिसरी मांडणी: चौकोनी चाकाची सायकल

ही तर संग्रहालयांची राणी. ‘मोमॅथ’ची चौकोनी चाकांची तिचाकी जगभर गाजली. रस्ता उंचवट्यांचा, चाकं चौरस, तरी बसणारा धक्का न बसता पुढे जातो. रांग लागते, फोटो निघतात.

यातलं गणित खरंच सुंदर आहे. दोन खुंट्यांना सैल बांधलेली साखळी जशी लोंबते तो वक्र उलटा केला की एक उंचवटा मिळतो. उंचवट्याच्या कमानीची लांबी चाकाच्या एका बाजूइतकी. दोन उंचवटे जिथे भेटतात तिथे ९० अंशांची खाच, म्हणजे चौरसाचा कोपरा त्यात नेमका बसतो. अशा रस्त्यावर चाकाचा मध्यबिंदू वर-खाली न होता आडव्या सरळ रेषेत चालतो.

पण बसणाऱ्याला यातलं काय कळतं? तो पॅडल मारतो. चाकही बदलता येत नाही आणि रस्ताही. त्याच्याकडून कुठलाच अंदाज मागितलेला नाही. तो घरी एक वाक्य नेतो: चौकोनी चाक पण चालतं. आमच्या यात्रेतल्या पाळण्यात बसून भौतिकशास्त्र जेवढं कळतं, साधारण तेवढंच.

याच मांडणीशेजारी टेबलावर एक छोटा लाकडी रस्ता आणि चार-पाच चाकं ठेवा: त्रिकोणी, चौरस, पंचकोनी, षट्कोनी, गोल. आता मूल पंचकोन चौरसाच्या रस्त्यावर चालवून बघेल. नाही जमणार. त्याचा कोपरा १०८ अंशांचा, खाच ९० ची. मग पंचकोनाला कसला रस्ता लागेल? उंचवटे कमी उंच. षट्कोनाला आणखी सपाट. बाजू वाढवत नेल्या की रस्ता सपाट होत जातो, आणि बंडीचं गोल चाक सपाट रस्त्यावर का चालतं हेच एका नव्या बाजूने दिसतं. उलट दिशेने गेलं तर त्रिकोणाशी गाडी अडते. त्रिकोणी चाकासाठी हिशेबाने उंचवटे काढता येतात, पण चाक फिरताना त्याचा कोपरा खाचेत पोचायच्या आधीच पुढच्या उंचवट्यात घुसतो. कागदावर रस्ता आहे, लाकडात नाही. माझ्या मते या मांडणीतली सर्वांत शिकवणारी गोष्ट हीच आहे, आणि मोठ्या तिचाकीत ती बघायला मिळत नाही. न चालणारं चाक संग्रहालयात ठेवलं तर ‘बिघडलंय’ असं वाटेल या भीतीने ठेवत नसावेत. गणिताच्या मांडणीला अपयश दाखवायची लाज वाटायला नको.

चौथी मांडणी: गाल्टनचा फळा

फ्रान्सिस गाल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा फळा. उभ्या फळ्यावर खिळ्यांच्या ओळी, वरून मणी सोडायचे. प्रत्येक खिळ्यावर मणी डावीकडे किंवा उजवीकडे. खाली कप्प्यांत घंटेच्या आकाराचा ढीग. ‘मॅथेमॅटिका’मध्ये याची माणसाहून उंच आवृत्ती होती.

ही मांडणी मला बाकीच्यांपेक्षा उजवी वाटते. एक मणी कुठे पडेल ते कुणीच सांगू शकत नाही. हजार मणी कसे पडतील ते कुणीही सांगू शकतं. कारणही मोजून काढता येतं. खिळ्यांच्या १० ओळी असतील तर एकूण १,०२४ वाटा. त्यांतल्या २५२ मधल्या कप्प्यात जातात आणि अगदी टोकाच्या कप्प्यात फक्त १. ज्याने मेरुप्रस्तार म्हणजे पास्कलचा त्रिकोण बघितलाय, त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील.

तरी इथेही सवय आडवी येते. काचेवर घंटेचा वक्र आधीच रंगवलेला असतो. त्यामुळे डोळा ढिगाकडे बघत नाही, ढीग रेषेला ‘बरोबर’ लागला का एवढंच बघतो. रेषा पुसा. बघणाऱ्याला खडू द्या आणि म्हणा, मणी सोडायच्या आधी ढीग कसा होईल ते काढ. दुसरी गोष्ट, फळा थोडा तिरपा करू द्या. ढीग सरकतो. किती सरकला? आकार तोच राहिला का? एका बिजागरीने ही मांडणी कुठल्या कुठे जाते.

माझ्या कसोटीवर आक्षेप

कसोटी मांडली की तिच्यावरचे आक्षेपही आपणच मांडायचे, ही संशोधनातली शिस्त आहे. दोन आक्षेप जड आहेत.

पहिला: आश्चर्याला काहीच किंमत नाही का? आहे. चौकोनी चाक बघून एखाद्या मुलीला रात्री झोप आली नाही, तर ती मांडणी फळाला आली. पण अशा मुलीला दुसऱ्या दिवशी काय करायचं याचा धागा हवा. ज्या गावात पुन्हा जायची सोय नाही, तिथे हा धागा मांडणीनेच द्यायला हवा.

दुसरा: सगळंच बदलू दिलं तर गोंधळ होणार नाही का? होतो. हे माझं मत नाही, संशोधनातून आलेलं आहे. एक्स्प्लोरेटोरियमच्या सू ॲलन आणि जोशुआ गटविल यांनी २००४ मध्ये दाखवलं, की एका मांडणीवर बदलता येण्याजोग्या अनेक गोष्टी सारख्याच ठळकपणे ठेवल्या तर लोक भांबावतात आणि मुख्य गोष्ट हातची जाते. त्याच संस्थेतले टॉम हम्फ्री आणि गटविल यांनी २००५ च्या पुस्तकात मांडण्यांचे दोन प्रकार वेगळे केले. एकात ठरलेला शोध बघणाऱ्याला लावून दिला जातो. दुसऱ्यात बघणारा स्वतःचे प्रश्न घेऊन बराच वेळ रमतो. दुसरा प्रकार आपोआप जमत नाही, पुन्हा पुन्हा करून बघत, सुधारत तो घडवावा लागतो.

म्हणून कसोटीत एक दुरुस्ती: एकच गोष्ट बदलू द्या, पण ती महत्त्वाची असू द्या. तिचा परिणाम डोळ्याला स्वच्छ दिसू द्या. फळ्याची एक बिजागरी पुरे.

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

आता महाराष्ट्रातलं उदाहरण, आणि माझ्या मते या लेखातलं सर्वांत दमदार. अरविंद गुप्ता हे नाव तुम्हाला माहीत असेल. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायची पद्धत बसवली. पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पद्धत अगदी साधी. ट्यूबचा छोटा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे बाजू. कर्णासाठी लांब काडी लागते, म्हणून मी आगकाडीऐवजी खराट्याच्या काड्या मापाने तोडून घेते. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा. हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा. लगेच कलतो. एक तिरपी काडी टाका, घट्ट झाला. कापसाच्या जिनिंगच्या टिनाच्या शेडखाली उभं राहून वर बघा. लोखंडी कैचीत सगळीकडे त्रिकोण का दिसतात ते कळेल.

आता बदला. पंचकोन घट्ट करायला किती जादा काड्या? दोन. षट्कोनाला? तीन. एखादं मूल म्हणेल, जेवढे सांधे त्यातून तीन वजा. एकूण काड्या मोजल्या तर सांध्यांची दुप्पट वजा तीन. सहा सांधे, नऊ काड्या. ही अटकळ कुणी शिकवली नाही, टेबलावर बसून निघाली.

आणि आता ती मोडा. षट्कोनाच्या सांध्यांना १ ते ६ आकडे द्या. तीन जादा काड्या अशा टाका: १ ते ३, २ ते ४, १ ते ४. काड्या नऊच आहेत, पण दाबून बघा. १-२-३-४ हा भाग दगडासारखा घट्ट, आणि १-४-५-६ हा चौकोन अजून कलतोय. एक काडी एका बाजूला वाया गेली आणि दुसरीकडे कमी पडली. म्हणजे मोजणी बरोबर असून पुरत नाही, वाटणीही बघावी लागते. ‘आवश्यक अट’ आणि ‘पुरेशी अट’ यांतला फरक मी कुठल्याही पुस्तकापेक्षा या षट्कोनावर लवकर समजावू शकते.

वाटणीचा नेमका नियम काय? रचनेच्या कुठल्याही भागात त्या भागाच्या सांध्यांच्या दुपटीतून तीन वजा करून येतात त्याहून जास्त काड्या नसाव्यात. बाजूंची मापं मुद्दाम जुळवलेली नसतील तर सपाट रचनांसाठी एवढं पुरतं. हे हिल्डा पोलाचेक-गायरिंगर यांनी १९२७ मध्ये दाखवलं होतं. ते मागे पडलं आणि १९७० मध्ये गेरार्ड लामान यांनी पुन्हा स्वतंत्रपणे सिद्ध केलं.

आता टेबलावरून वर उठा, घन करा. आठ कोपरे, १२ काड्या, आणि तो लोळतो. सहा बाजूंवर सहा तिरप्या काड्या टाकल्या की १८ होतात आणि तो उभा राहतो. अवकाशात हिशेब आहे सांध्यांची तिप्पट वजा सहा. इथेही मोजणी एकटी पुरत नाही. मग वाटणीचा पुरेसा नियम कोणता? मित्रांनो, तो आजही माहीत नाही. त्रिमितीतला हा प्रश्न खुला आहे आणि त्यावर गणितज्ञ आजही काम करतात. खराट्याच्या काडीपासून खुल्या प्रश्नापर्यंत चार पावलं. मधे कुठेही ‘आता हे तुला कळणार नाही’ असं म्हणावं लागत नाही.

स्वस्त म्हणजे चांगलं असंही नाही

इथे एक धोका आहे. ‘महागडी संग्रहालयं वाईट आणि टाकाऊतून टिकाऊ चांगलं’ असा सोपा निष्कर्ष काढू नका. काड्यांचा घन विज्ञान प्रदर्शनात सोनेरी कागद लावून ठेवलेला तुम्हीही बघितला असेल. मुलाला विचारलं, यातली एक काडी काढली तर काय होईल? तर उत्तर येतं, “मॅडम ओरडतील.” म्हणजे तोही काचेच्या पेटीतलाच झाला. काड्या स्वस्त असल्याने त्यात प्रश्न आपोआप येत नाही.

कापरेकरांचं उदाहरण घ्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आणि त्यांचा ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. रमण केंद्राचं साल घेऊ, १९९२:

९९२१ − १२९९ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. खर्च शून्य. आणि बहुतेक कार्यक्रमांत हे अगदी चौकोनी चाकासारखं वापरलं जातं: वक्ता करून दाखवतो, टाळ्या पडतात, संपलं. इथेही एकच गोष्ट बदलू द्या, अंकांची संख्या. तीन अंक घेतले तर ४९५ वर थांबतं. दोन अंक घेतले तर थांबतच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असं फिरत राहतं. मग चार अंकांना मुक्काम मिळतो आणि दोनला का नाही? हा प्रश्न विचारला गेला त्या क्षणी खेळ संपला आणि गणित सुरू झालं.

तुमच्यासाठी काम

पुढच्या वेळी कुठल्याही विज्ञान केंद्रात गेलात तर एकच मांडणी निवडा आणि तिच्याशेजारी अर्धा तास उभे राहा. वहीत चार गोष्टी लिहा. दावा किती मोठा आहे: एका उदाहरणाबद्दल की सगळ्यांबद्दल? दावा खोटा असता तर मांडणी वेगळी दिसली असती का? बघणाऱ्याला बदलता येणारी गोष्ट कोणती? आणि लोक काय बोलतात: ‘भारी!’ की ‘असं केलं तर?’

किती वेळ थांबले ते जरूर मोजा, पण त्यावर विसंबू नका. तिचाकीच्या रांगेत वीस मिनिटं उभा राहिलेला माणूस वीस मिनिटं विचार करत नव्हता. मुलांची निरीक्षणं संशोधनात वापरणार असाल तर आधी संमती आणि संस्थेची परवानगी घ्या. नावं लिहू नका, फोटो काढू नका.

आणि ज्यांना केंद्रापर्यंत जाणं जमणार नाही त्यांनी खराट्याच्या पंधरा-वीस काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब घ्यावी. ट्यूब आता प्रत्येक सायकलच्या दुकानात मिळत नाही, जुन्या मिस्त्रीकडे विचारा. सप्तकोन करा. ११ काड्यांत तो घट्ट होतो. ११ वापरूनही न होणाऱ्या किती रचना सापडतात ते बघा, आणि प्रत्येकीत कुठली काडी वाया गेली ते लिहा. ते पान जपून ठेवा. मुलाखतीत ‘संशोधन म्हणजे काय’ असं विचारलं, तर ते पान समोर ठेवून बोलता येईल.